वारा नसलेल्या समुद्राचं चित्र

देवाच्या पायावर हात ठेवून सांगतो, हे घडलेलं आहे. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

२००१. रामनवमीची संध्याकाळ, पाच वाजलेले. रायपूर, शंकर नगर.

माझा चुलतभाऊ सुशील. रायपूर राजधानी झालं आणि याच्या अंगात साहेब शिरला. हॉलमधली रामाची तसबीर उतरवून तिथे भलंमोठं विलायती चित्र टांगलं. शांत समुद्र, शिडाची चार जहाजं, शिडं लोंबलेली. या शहाण्याने समुद्र जन्मात पाहिला नव्हता.

त्याचे वडील नरहरकाका अंथरुणाला खिळलेले. हॉलमध्ये बसून एक कीर्तन ऐकायचं, एवढंच त्यांचं मागणं.

सुशीलने कीर्तन ठेवलं. साहेबलोकांना दाखवायला.

"बाबाले मागच्या खोलीतच राहू दे, दादा. खोकतात. बरं नाही दिसत."

"मग कीर्तन कोणासाठी ठेवलं रे?"

"हव ना. दार उघडं ठेवतो. ऐकू येऊन जाईल तिथून."

दारही लावून घेतलं. आणि मी कीर्तनाच्या लोभाने गप्प बसलो.

समईसाठी पंखा बंद केला. यज्ञेश्वरबुवा चित्राकडे पाठ करून उभे राहिले. मी झांज धरली.

गजर सुरू झाला... आणि आणखी एक झांज ऐकू आली.

अर्धी मात्रा मागे.

तशी झांज फक्त नरहरकाका वाजवायचे.

पण आवाज मागच्या खोलीतून नव्हता... चित्रातून होता.

वर पाहिलं. समईची ज्योत जराही हलत नव्हती.

चित्रातली शिडं मात्र... फुगली होती.

आरती होताच तबक घेऊन मागे धावलो. काका गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, चारलाच गेले.

उशाजवळची त्यांची झांज नव्हती.

चित्रात जहाजं तीन.

"पहिल्यापासून तीनच होती," सुशील पाहुण्यांना सांगत होता. बाप आत निपचित, आणि हा चित्राची बाजू घेतोय.

गेल्या वर्षी चौथं जहाज परत आलं. आधीपेक्षा मोठं, जवळ. वर कोणी नाही.

तेव्हापासून पंखा थांबला की शिडं फुगतात, म्हणून साहेब थंडीतही तो बंद करत नाहीत. चित्राला हात लावायची हिंमत नाही. वीज गेली की मला फोन.

"दादा, शिडं फुगून राहिली. गजर म्हण ना फोनवर."

मी म्हणतो. त्याच्यासाठी नाही, काकांसाठी.

आज चारला शंकर नगरची वीज गेली. सहा वाजले, त्याचा फोन नाही.

शेवटी मीच लावला.

उचलला कोणीतरी... नुसती झांज.

अर्धी मात्रा मागे.