सातव्याची हाजरी

गावाचं नाव मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. एटापल्लीच्या पलीकडं, जंगलात आहे, एवढं पुरे. साल अठ्ठ्याण्णव, वैशाख महिना. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा कुठं सरकारला इंग्रजांशी लढून फासावर गेलेल्या गोंडांची आठवण झाली. इंग्रजांच्या जुन्या दप्तरातून सात नावांची यादी निघाली, गावात दगड उभा राहिला, आणि नावं कोरायचं काम भद्रावतीच्या बिलाल पाथरवटाला मिळालं. काम साधं होतं. दिवसभरात उरकून संध्याकाळची गाडी धरायची.

सोबतीला त्यानं मेहुण्याला घेतलं. जिशान पंचविशीचा, हात सफाईचा, तोंड मात्र एक मिनिट बंद नाही. पुढच्या जुम्म्याला त्याचा निकाह होता. निघताना बिलालची बायको फरहत दारापर्यंत आली.

"माहा एकच भाऊ हाये," ती म्हणाली. "जसा नेऊन राह्यले, तसाच आणजा."

"आणतो न बाप्पा!" बिलाल चिडून म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला.

गावात त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. दगड मोहाच्या एका जुन्या झाडाखाली उभा होता. माणसं लांबून बघत, नजर मिळाली की तोंड फिरवत. दुष्मनाच्या दारात आल्यासारखं वाटत होतं. त्यात ती शांतता! पोरं खेळत होती, पण एकमेकांना हाका मारत नव्हती. एक बाई नवऱ्याला बोलवायला पार शेताच्या टोकापर्यंत चालत गेली आणि त्याच्या खांद्याला हात लावून त्याला घेऊन आली.

"दुल्हेभाई, मुके हायेत का हे सारे?" जिशान हसला.

मागं लालसू उभा होता, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. "मुके नाई," तो म्हणाला. "आमी हाकेले ओ देत नाई. खोदाचं ते खोदा न जा. पण नावं तोंडानं घेऊ नका."

"काऊन?"

"गोऱ्या सायबानं याच झाडाखाली यादी वाचली. जो 'हो' म्हणे, त्याले इथीच लटकवे. सहा जण बोलले. सातवा गर्दीत उभा होता... तो बोलला नाई. आमी सारे त्याच्याच वंशाचे." म्हातारा थुंकला. "सातव्याची हाजरी अजून बाकी हाये. जो ओ देईन, तो सातवा होईन."

दुपारपर्यंत सातही नावं कोरून झाली. राहिली तपासणी. बिलालच्या बापापासूनची रीत होती. एकानं कागदावरून नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं खोदलेल्या अक्षरांतून बोट फिरवायचं आणि शेवटचं अक्षर बरोबर निघालं की 'हो' म्हणायचं. एकदा ही रीत चुकली, तर एका कबरीच्या दगडावर मेलेल्या बापाच्या जागी जिवंत पोराचं नाव गेलं होतं. घरचे काठ्या घेऊन धावले होते.

"म्हातारा नको म्हणे," जिशान म्हणाला.

"अक्षर चुकलं त म्हातारा दगड बदलून देईन काय? हळू वाचतो. तू बोट ठेव."

बिलालनं पहिलं नाव वाचलं.

"हो."

"अबे, बोट पुरं फिरव, मग बोल."

"मी बोललोच नाई, दुल्हेभाई..." जिशानचं बोट पहिल्याच अक्षरावर होतं.

दुसरं नाव. "हो..." आवाज वरून आला. फांद्यांमधून. घशात काहीतरी अडकलेल्या माणसाचा आवाज. रणरणत्या उन्हात ओल्या दोराचा वास सुटला. थांबायचं होतं बिलालला, शप्पथ थांबायचं होतं! पण नजर कागदावरून खाली सरकत गेली आणि तोंड वाचत गेलं. तिसरं. चौथं. पाचवं. सहावं. प्रत्येक नावाला वरून 'हो' आला. जिशानचं बोट मुकाट्यानं अक्षरं चाचपत होतं. सगळं गाव कधी येऊन भोवती उभं राहिलं, कळलं नाही.

सातवं नाव वाचलं. ते मी इथं घेत नाही.

वरून काहीच आलं नाही. पान हललं नाही.

बिलालच्या तोंडून तेच नाव पुन्हा निघालं. या वेळी आवाज त्याचा नव्हता. घाईतला, चिडलेला, त्या नावावर जीभ अडखळणारा असा कुणा परक्याचा आवाज होता. लालसूनं थांबवायला हात वर केला. मग जिशानकडं पाहिलं... आणि हात हळूच खाली घेतला.

जिशानचं बोट तेव्हाच शेवटच्या अक्षरातून बाहेर आलं. हाताच्या सवयीनं तो बोलून गेला.

"हो."

सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला. लालसू झोपड्यांकडं वळला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "बुधरीऽऽ!"

"ओऽऽ!" आतून एका म्हातारीनं ओ दिली आणि ती रडतच बाहेर आली. मग काय, नुसता कल्ला! आई पोराला हाक मारत होती, पोर ओ देत होतं, भाऊ भावाला, शेजारी शेजाऱ्याला. हसत होते, रडत होते, पुन्हा पुन्हा एकमेकांची नावं घेत होते. कुणीतरी भोपळ्याच्या तुंब्यातून गार पाणी आणून बिलालच्या हातात दिलं. त्याला ते पिववेना.

"जिशान, चाल," तो म्हणाला. "सामान राहू दे. चाल लवकर."

जिशान झाडाकडं तोंड करून उभा होता. वळला नाही.

"जिशान! अबे फरहत वाट पाहून राह्यली... जिशान!"

बिलालनं त्याचा दंड धरून त्याला फिरवलं. जिशाननं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं, मग अदबीनं विचारलं,

"कोणाले बलावून राह्यले, भाऊ?"