गुरुवारी तुटलेली चेन

"उद्या आमच्या मालकाला परभणीला नेतेत, साहेब. एकदा कोर्टात उभं केलं की संपलं." धुरपताबाई माणिकरावांच्या उंबऱ्यातच बसल्या.

माणिकराव वकिलांसाठी चौकश्या करून देत. निजामी गेली तशी त्यांची पोलिसातली नोकरीही गेली, पण नाक शाबूत होतं. सोबतीला दत्तराव मास्तर असत. मास्तर मोठे भले. समोरचा जे सांगेल ते लिहून घेत आणि वर त्यावर विश्वासही ठेवत.

प्रकरण सत्तावन्न सालचं. शुक्रवारी दिवस मावळताना मानवत-पेडगाव रस्त्यावर रायभान नावाचा मेंढपाळ फटफटीखाली मेला. फटफटीवाला पळाला. भागात फटफट्या दोनच. एक डॉक्टरांची, ती धुरपताबाईंच्या नवऱ्याकडे, आश्रुबा मिस्त्रीकडे दुरुस्तीला होती, आणि नेमका त्याच वेळी तो ती चालवून बघत होता. दुसरी कापसाच्या जिनिंगवाल्या व्यंकटीशेठची. तिची चेन म्हणे गुरुवारीच तुटलेली. उरला आश्रुबा, म्हणून फौजदारांनी त्याला आत टाकलं.

"मी ठेसनाकडं गेल्तो, पेडगावकडं न्हाई," कोठडीतून आश्रुबा म्हणाला. "पर कोण ऐकायलंय?"

"ते राहू दे. चेन तुटते कशी ते सांग."

आश्रुबा गोंधळला. तरी हुन्नराचा प्रश्न आला तसा त्याचा आवाज सावरला. "झिजली की लांबती. चाकाचे दाते आकड्यावानी वाकतेत. मंग ताण बसला की एखाद्या कडीची पट्टी फाटती."

"कड्या जोडणारा खिळा निसटून पडत नाही?"

"आपूआप? न्हाई साहेब. ठोकून काढावा लागतो."

मास्तरांनी लिहून घेतलं. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पेडगावच्या माळावर रायभानची बायको म्हाळसाबाई मेंढरांजवळ बसली होती. "तुमी त्या मिस्त्रीकडून आलाव ना? जावा इथून."

"बाई, खरा माणूस सापडावा असं तुम्हालाही वाटतंच ना?"

तिनं जवळचं कोकरू मांडीवर ओढलं. मग बोलली. "मी दोन वावरं पल्याड व्हते. फटफट आयकू आली, मंग मेंढरांचा कालवा. पळत आले तवर संपलं व्हतं." तिनं एका मेंढीकडे बोट दाखवलं. मेंढीची कूस सोलवटली होती, लोकर उपटून निघाली होती. उरलेल्या लोकरीवर लालभडक गेरू होता. "ही चाकात गावली व्हती."

"तुमची खूण गेरूची?"

"न्हाई वो. आमची सदा नीळ. शुक्रवारी दुपारी माजा भाऊ राणीसावरगावाहून कळप घिऊन आला, त्याचीबी नीळच. दोन्ही मिसळले तर वळखावं कसं? मालकानं तवाच आमच्यावर गेरू मारला. हिकडं गेरू कुणाचाच न्हाई म्हणून."

मास्तरांनी वहीत नोंद केली: 'गेरू. निरुपयोगी.'

व्यंकटीशेठनं पाहुण्यांना चहा पाजला. भिंतीवरच्या खिळ्याला झिजलेली दातेरी चाकं आणि काळीकुट्ट जुनी चेन टांगलेली होती, देवाच्या तसबिरीसारखी.

"पुरावा म्हणून जपून ठिवलाय. गुरुवारी सकाळी तुटली. नवी शनिवारी मोटारीनं आली, रविवारी बसवली. इचारा आमच्या पंडितला."

जिनिंगचा फिटर पंडित हात पुसत आला. "व्हय, चाकंबी बदलली. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर मरती."

"तुटलेली तुम्ही कधी पाहिली?"

"शनिवारी. गुरुवार-शुक्रवार मी लग्नाला गेल्तो. तुटल्याचं शेठनं सांगितलं. माल तर त्याच्या आठ दिवस आधीच मागिवल्ता."

"या गाडीची चेन उघडीच असते?"

"उघडीच. डॉक्टरची पत्र्याच्या डब्यात बंद असती."

माणिकरावांनी चेनची दोन्ही टोकं डोळ्यांजवळ धरली. "ही नेऊ का?"

"न्या की! भंगारच हाय."

बाहेर आल्यावर मास्तरांनी सुस्कारा सोडला. "गाडीला चेनच नव्हती, तर शेठ सुटलेच."

"मास्तर, तुम्ही सगळं लिहिलंत. एकदा वाचून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याबाहेर आश्रुबाला न्यायला गाडी उभी होती. माणिकरावांच्या विनंतीवरून फौजदारांनी व्यंकटीशेठला बोलावलं होतं. धुरपताबाई आणि म्हाळसाबाई समोरासमोरच्या दोन भिंतींना टेकून बसल्या होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या.

माणिकरावांनी परातीत रॉकेल ओतलं आणि चेन त्यात सोडली.

"फौजदारसाहेब, हिची टोकं पाहा. चेन तुटली तर पट्टी फाटते. इथं एकही पट्टी फाटलेली नाही, फक्त खिळा गेलाय. म्हणजे ती ठोकून उघडली."

"माज्या ध्यानात न्हाई ते," व्यंकटी म्हणाला. "मीच काढली असंल. गुरुवारीच."

माणिकराव कुंचल्यानं एकेक कडी घासू लागले. रॉकेल काळं झालं. मधल्या कड्यांत एक बोळा घट्ट बसला होता. चिमट्यानं ओढून त्यांनी तो खळबळून धुतला. वंगण सुटलं. लोकर होती.

"मेंढरं रोजच रस्त्यानी असतेत! अडकली असंल कवातरी."

"लोकर कधीही अडकेल." माणिकरावांनी चिमटा उजेडात धरला. लोकर लाल होती. "गेरू मात्र या मेंढरांवर शुक्रवारी दुपारी चढला. डॉक्टरांची चेन तर डब्यात बंद. शेठ, गुरुवारी तुटलेल्या चेनमध्ये शुक्रवारचा गेरू आला कसा?"

मास्तरांची लेखणी थांबली. फौजदार उठून उभे राहिले.

"नवी चेन येणारच होती," माणिकराव पुढे म्हणाले. "शुक्रवारी तुम्ही जुन्या चेनवर गेलात. परत आल्यावर तिचा खिळा ठोकून काढलात आणि वार तेवढा बदललात. वंगणाच्या काळ्यात लाल रंग तुम्हाला दिसलाच नाही."

व्यंकटी परातीतल्या चेनकडे बघत बोलू लागला. "मेंढरं येकदम आडवी आली... मी थांबलो व्हतो. त्यानं पाणी मागितलं. मी भ्यालो. म्हणलं, कुणीतरी येईल..."

म्हाळसाबाई उठली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"पाणी मागितलं?"

व्यंकटीनं मान हलवली.

"पळायचं तर पळायचं. पर जाताना येक हाक मारायची. मी दोन वावरं पल्याड व्हते. पाणी मी पाजलं असतं." ती तिथंच भुईवर बसली आणि मग तिला रडू फुटलं.

कोठडीचं दार उघडलं. आश्रुबा बाहेर येऊन बायकोला शोधू लागला. धुरपताबाईंनी त्याला डोळे भरून पाहिलं, पण त्या त्याच्याकडे गेल्या नाहीत. समोरच्या भिंतीकडे जाऊन म्हाळसाबाईला त्यांनी पोटाशी धरलं.