रबरबँडचं दुसरं टोक

पासपोर्टचा फोटो काढायला आलेली नर्स घाईत स्टुडिओच्या शेजारच्याच दारात शिरली आणि समोरच्या तरुणाला म्हणाली, "फोटोग्राफर आपणच ना?"

"नाही... पण शब्द पुन्हा म्हणा!" तो हसला. "'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर. 'फोटोग्राफर' झाला, की तोच जोर दुसऱ्यावर सरकतो. फ – टॉ – ग्र – फर." आणि त्याने तिच्या हातात चक्क रबरबँड ठेवला. जोराच्या तुकड्याला ताणायचा, बाकीच्यांना सैल सोडायचा.

तो इंग्रजी उच्चारांचा वर्ग होता आणि तो तिथला मास्तर. तिची बढतीची मुलाखत इंग्रजीत होणार होती, तेवढं निमित्त पुरलं. दुसऱ्या दिवशी ती केस नीट विंचरून पहिल्या बाकावर हजर!

सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात माशी शिंकली. वर्गात दातांची डॉक्टरीण आली. ती 'ॲनेस्थेशिया' म्हणायची, आणि मास्तर तिच्या रबरबँडचं दुसरं टोक धरून 'थी'ला हळूच ओढायचा. नर्सच्या बाकापाशी मात्र हात मागे बांधून उभा. हिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"दात उपटणारीला जोर कुठे लावायचा ते शिकवावं लागतं?" ती घरी ताईपुढे धुमसली.

"तुला काय त्याचं? तो तुझा कोण लागतो?"

"कोणी नाही!" म्हणत तिने पातेलं असं आदळलं, की ताईला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण खळखळून हसली आणि इकडे नर्सचा रबरबँड ताणता ताणता तुटला. वर्ग सुटल्यावर तिने तो तुकडा मास्तरच्या टेबलावर ठेवला.

"उद्यापासून मी येणार नाही."

"अहो, पण... का?"

"सगळ्यांचं दुसरं टोक धरता. माझंच का नाही? मी इतकी ढ आहे?"

तो गोरामोरा झाला. त्याने नवा रबरबँड काढला, एक टोक तिच्या बोटात अडकवलं, दुसरं स्वतः धरलं. "म्हणा... इमॅजिनेशन."

शेवटी 'शन' आलं, की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. हे त्यानेच वर्गाकडून घोकून घेतलेलं.

"इ – " तिने सुरुवात केली, आणि त्याने ओढलाच. मग 'मॅ'लाही ओढला. 'ने' आला तेव्हा ती ताणत होती आणि त्याची बोटं सैल पडली होती.

"मास्तर... चुकलात."

"म्हणूनच धरत नव्हतो," तो खाली बघत म्हणाला. "डॉक्टरीणबाईंसमोर कधीच चुकत नाही. तुमच्यासमोर मला काही सुचत नाही... तुम्ही मला फार आवडता."

तिला इतका आनंद झाला, की मुलाखत, पासपोर्ट, सगळं डोक्यातून गेलं. रबरबँड अजून दोघांच्या बोटांत होता.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "आणि उद्यापासून डॉक्टरीणबाईंचं दुसरं टोक मी धरणार!"