नरहररावांच्या आवाजाची चोरी

फोन आला तेव्हा स्पृहा यवतमाळच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होती. पलीकडे आर्णीची सुहासिनीमावशी होती. ती रडत नव्हती, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"स्पृहा, काकाजींचा आवाज गेला. सगळाच गेला."

घशाच्या कर्करोगामुळे मावशीच्या यजमानांचं, नरहररावांचं, स्वरयंत्र काढलं, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तरी मावशी कशाबद्दल बोलतेय ते स्पृहाला कळलं. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या मुलीनं, ऋचानं, वडिलांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. तालुक्यातल्या प्रत्येक समारंभाचं निवेदन त्या आवाजात व्हायचं. रेकॉर्डिंगमध्ये लग्नाच्या गमती होत्या, पाठ कविता होत्या, बायकोला मारलेल्या हाका होत्या. पुण्याला परतताना ऋचा ते सगळं क्लाउडवर चढवून गेली आणि आईला ऐकायला एक स्वस्तातला लॅपटॉप देऊन गेली. त्यात जागा इतकी थोडी, की फाइली त्याच्यात राहत नसत. इंटरनेट जोडलेलं असलं तरच वाजत. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो पुढे बंद पडला. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता ते फोल्डर रिकामं होतं.

स्पृहा सायबर शाखेत उपनिरीक्षक होती. दुपारच्या एसटीनं ती आर्णीला पोचली. नरहरराव खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. गळ्यावर पांढरं कापड. त्यांनी मानेनंच तिला बसायची खूण केली. महसूल खात्यातली नोकरी संपवून आलेला हा माणूस, ऑफिसात सगळ्यात आधी कॉम्प्युटर शिकलेला. आता दिवसभर त्या पलंगावर.

मावशीनं सांगितलं, ते असं. त्रास कित्येक महिन्यांचा होता. दुपारी ती या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची, आवाज सुरू व्हायचा आणि मध्येच तुटायचा. मोबाइलवर तेच वाय-फाय नीट चालायचं. राउटर बदलला, वायर बदलली. चौकातल्या रजतच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेला तर तिथे दिवसभर सुरळीत वाजला. घरी आणला की तेच. शेवटी परवा रजत घरी आला, कसली तरी सेटिंग बदलून गेला. त्या दुपारी आवाज एकदाही तुटला नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोल्डर साफ.

"पासवर्ड रजतकडे होता?"

"मीच देल्ला त्याले. पण तो तसा नाही, बाई."

स्पृहानं रजतला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला.

"काय बदललं होतंस?"

"बॅटरीवर गेला की हा लॅपटॉप वीज वाचवाले वाय-फाय बंद करे, मॅडम. तेवढंच काढलं. फाइलीले हात नाही लावला."

"मग दुकानात का नाही तुटलं?"

"दुकानात चार्जर लावून राहते ना."

"आणि इथे?"

"मावशी म्हणे, इथंही लावूनच राहते. तेच तं मले समजलं नाही."

स्पृहानं लॅपटॉप उघडला. कोणती फाइल कधी गेली, याची नोंद क्लाउडवर शिल्लक होती. सगळ्या याच लॅपटॉपवरून गेल्या होत्या, काल सकाळी. पण एकदम नाही. एक फाइल उघडलेली, मग काही वेळानं डिलीट केलेली. मग दुसरी. शेवटी कचरापेटीही रिकामी केलेली. प्रत्येक वेळी मधला अवधी होता तो त्या रेकॉर्डिंगच्या लांबीएवढा.

काल सकाळी मावशी कुठे होती? शेजारच्या बेबीताईंकडे, त्यांच्या नातवाच्या बारशाला.

स्पृहा चार्जरची वायर हातात धरून तिच्या मागोमाग गेली. वायर पलंगामागे जात होती. स्विच नरहररावांच्या उशाशी होता. शेजारीच गळ्याला लावून बोलायचं यंत्र होतं, त्याच्या डब्यात.

"हे वापरत नाहीत?"

"सुरुवातीला वापरत. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकल्यासारखं वाटे. मले ऐकवत नव्हतं," मावशी म्हणाली. "मग त्यायनं सोडलं."

स्पृहानं रजतला जायला सांगितलं. मग ती पलंगासमोर खुर्ची ओढून बसली. हे आपल्याला सांगायला लागू नये, असं तिला वाटलं. पण मावशी वाट पाहत होती.

"मावशी, चोर बाहेरून आला नाही. चार्जर लावलेला असायचा, पण दुपारी तू ऐकायला बसलीस की कोणीतरी स्विच बंद करायचं. लॅपटॉप बॅटरीवर जायचा, वाय-फाय सोडायचा, आवाज तुटायचा. रजतनं ती सोयच काढून टाकली. मग फाइलीच काढणं भाग पडलं. चोरट्यानं सगळ्या एका फटक्यात उडवल्या असत्या. ह्यानं एकेक फाइल शेवटपर्यंत ऐकली आणि मग पुसली. काल सकाळी घरी एकच माणूस होता."

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

"काहून केलं असं?" ती म्हणाली.

नरहररावांनी डबा उघडला, यंत्र गळ्याला लावलं. खोलीत एकसुरी घरघर उठली. सुहास, तू दुपारभर त्या आवाजाशी बोलतेस, मी इथंच बसून राहतो, असं ते म्हणाले. एवढं बोलून ते दमले.

स्पृहानं बसमधूनच क्लाउड कंपनीकडे चौकशी केली होती. कचरापेटी रिकामी झाल्यावर काही परत येत नाही, असं तिला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. तक्रार लिहायची तरी कोणाविरुद्ध? माणसानं स्वतःचाच आवाज पुसला होता. तिच्या नोकरीत यावर काही इलाज नव्हता आणि नात्यातही तिला तो सापडेना. तिनं लॅपटॉप मिटला.

"काय म्हणाले?" मावशीनं तिला हळूच विचारलं. मावशीला त्या घरघरीतला एक शब्दही कळला नव्हता.

स्पृहानं फक्त नरहररावांकडे पाहिलं. बाहेरच्या रस्त्यावरून कापसाची गाडी गेली.

मग मावशी उठली आणि पलंगाच्या कडेला, त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"परत सांगा," ती म्हणाली. "हळू सांगा."