वादीसकट दिलेली गाडी

दामदिनने आयुष्यात बरेच घोडे विकले, पण तोंडाला बांधायची म्होरकी कधी दिली नाही. घोडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तो म्होरकी उतरवून घ्यायचा, बाहीने घोड्याचं तोंड पुसायचा, आयाळीचे चार केस अंगरख्यात ठेवायचा, आणि मगच हात पुढे करायचा. त्याचा बाप असंच करायचा. त्या माळावरचे सगळेच करतात. जनावराबरोबर घरातलं काही बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी. दामदिनच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या गोल तंबूत, पश्चिमेच्या बाजूला अशा म्होरक्यांची रांग टांगलेली होती.

त्या वर्षी थंडी उतरण्याआधी रांगेत एकीची भर पडली. शर्यतीचा तांबडा त्याने विकला. त्याला गाडी घ्यायची होती.

मुलगी सोलोंगो पोटुशी होती. पहिल्या खेपेला तिला शेजाऱ्याच्या मालट्रकमधून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना ट्रक खिंडीत अडकला आणि मूल तिथेच गेलं. तेव्हापासून दामदिन त्या खिंडीकडे तोंड करून बसत नसे. या खेपेला दाराशी स्वतःची गाडी हवी, असं त्याने ठरवलं, आणि ठरवलेलं तो बदलत नसे.

शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तो जावयाला घेऊन गेला. जावई तुमुर खाणीवर कामाला होता. त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने सगळं पढवून पाठवलं होतं. गाडी उजेडात बघायची. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगायचं, आधीच तापवून ठेवलेलं असेल तर समजायचं काहीतरी लपवलंय. पत्र्याला लोहचुंबक लावून बघायचा, खाली पुट्टी भरून पोचा बुजवलेला असेल तिथे तो चिकटत नाही. पायाखालचं कापड उचलून वास घ्यायचा, पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी चिखलासारखा वास मारते. कागदावर नाव कुणाचं आणि समोर उभा कोण, ते ताडून बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, का विकतोस, हे विचारायचं.

दामदिनने सगळं केलं. बॉनेटवर तळहात ठेवला, ते थंड होतं. चुंबक खटकन चिकटला. गुडघ्यावर बसून त्याने कापडाचा वास घेतला, चाकं हलवून बघितली, दारं उघडून मिटली. गाडी जपानहून आलेली, उजव्या बाजूला स्टिअरिंग, राखाडी रंगाची. कुठे एक ओरखडा नाही.

“आता दात बघा तिचे, आबा,” तुमुर म्हणाला.

विकणारा माणूस बाजूला उभा होता. उन्हाने रापलेला, पश्चिमेकडच्या बोलीचा, पायात मेंढपाळाचे बूट. चालवून बघायला त्याने किल्ली लगेच दिली, पण स्वतः गाडीत बसला नाही. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी होती. तुमुरने पायाने दामदिनला खुणावलं की विचारा. दामदिनने विचारलं नाही. त्याला स्वतःच्या नजरेवर भरवसा होता. जनावर समोर उभं असताना मालकाला प्रश्न विचारणं त्याला कमीपणाचं वाटे.

सौदा झाला. किल्लीला चामड्याची लाल वादी बांधलेली होती, हाताळून हाताळून काळपट पडलेली. दामदिन थांबला. वादी सोडून घ्यायला त्याने त्या माणसाला वेळ दिला.

“वादी काढून घे तुझी.”

“नको, काका. सगळं तुमचं.”

त्याने बाहीने काही पुसलं नाही, काही ठेवून घेतलं नाही. दुसरी किल्ली दिली, पायाखालची कापडं दिली, काच पुसायचं फडकंसुद्धा दिलं, आणि मागे न बघता गर्दीत शिरला. तो जवळजवळ पळत होता.

तुमुर हसला, म्हणाला शहरात राहून विसरला असेल रीत. दामदिनने मान हलवली. ते बूट आणि ती बोली विसरणाऱ्या माणसाची नव्हती, हे त्याला दिसलं होतं. पण गाडी चांगली होती, आणि थंडी तोंडावर आली होती. वादीसकट किल्ली त्याने खिशात टाकली.

तुमुर खाणीवर परत गेला. दामदिन एकटाच गाडी घेऊन निघाला. तरुणपणी त्याने सरकारी ट्रक चालवला होता, हात अजून विसरले नव्हते. शहर मागे पडलं, मग डांबर संपलं, आणि पिवळ्या गवतातून चाकांच्या दोन रेघा तेवढ्या पुढे राहिल्या. वारा गाडीला बाजूने ढकलत होता. तेव्हा तो आवाज सुरू झाला.

टिंग... टिंग... टिंग.

समोर एक लाल दिवा लागला होता. बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही की असं वाजतं, हे बाजारात बघितलं होतं. दामदिनने स्वतःचा पट्टा चाचपला. तो लावलेला होता. त्याने डावीकडे बघितलं. डावी सीट रिकामी होती.

त्याने गाडी थांबवली, सीटवर हात फिरवला, सीटखाली बघितलं. काही नव्हतं. टिंग चालूच होतं. शेवटी त्याने डाव्या सीटचा पट्टा ओढून रिकाम्या जागेवरून लावून टाकला. आवाज बंद झाला.

पट्टा लावताना त्याच्या बोटांना त्याची कड लागली. कड चघळलेली होती. उंदीर असेल असं आधी वाटलं, म्हणून त्याने ती उजेडात धरली. दातांवरून वय ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. खुणा बारीक, गोल, आणि पुढे मधोमध एक फट. दुधाचे दात पडायच्या वयातलं पोर.

त्याने पट्टा हातातून सोडला आणि गाडी चालू केली. पुढच्या सबंध वाटेत त्याने डावीकडे बघितलं नाही.

घरी कुत्रा धावत आला. अनोळखी गाडीवर तो अंगावर येऊन भुंकायचा. या गाडीच्या डाव्या दारापाशी येऊन तो थबकला, शेपूट हलवायला लागला, आणि त्याने पाठीवर लोळून पोट वर केलं. असं तो फक्त लहान पोरांपुढे करायचा. सोलोंगो दुधाचं भांडं घेऊन बाहेर आली, तिने शकुनाचं म्हणून चारी चाकांवर दूध शिंपडलं आणि हसून म्हणाली, याला तुमची गाडी फारच आवडली. गाडी परत करायची तर थंडीत पोरीला नेणार कशात, हाच विचार दामदिनच्या डोक्यात फिरत होता.

ते दिवस त्याला स्वस्थपणाचे गेले नाहीत. चहा घेताना तो मध्येच उठून बाहेर जायचा आणि काचेतून आत बघायचा. संध्याकाळी लावून ठेवलेला पट्टा सकाळी सुटलेला असायचा. एकदा त्याने मुद्दाम पिठाचं पोतं डाव्या सीटवर ठेवलं. सकाळी पोतं मागच्या सीटवर होतं. गाडीला कुलूप होतं, आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या उशाखाली होत्या.

सोलोंगोला कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती आणि बर्फ जमिनीला समांतर उडत होतं. दामदिनने तिला मागच्या सीटवर मेंढीच्या कातड्यांत निजवलं. मग पुढच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला आणि एकदा ओढून बघितला.

गाडी चांगली चालली. जिथे ट्रक फसला होता त्या चढावरही चाकांनी बर्फ धरून ठेवलं. खिंड लागली तसा उजेड करडा झाला, वाऱ्याचा आवाज एकाएकी थांबला, आणि त्या शांततेत खट्ट झालं. पट्टा सुटून सीटवर पडला होता.

टिंग... टिंग...

दामदिनने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने पट्टा पुन्हा लावला. वळण आलं. पुन्हा खट्ट. या वेळी पट्टा सुटला, पण टिंग वाजलं नाही. डावी सीट आता खरंच रिकामी होती.

“आबा...” सोलोंगोचा आवाज बारीक झाला होता. “पुढे कुणी बसलं होतं का?”

“नाही. पडून राहा.”

“मग माझ्या पोटावर हात कुणी ठेवलाय?”

दामदिनने आरशात बघितलं नाही. थांबलो तर पुन्हा तेच होईल, एवढंच त्याला कळत होतं. बुजलेल्या शिंगराशी बोलतात तशा आवाजात तो समोर बघत म्हणाला, “पुढे ये. माझ्याजवळ बस. तिला पोहोचू दे.”

बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या सीटची गादी किंचित दबली आणि टिंग सुरू झालं. दामदिनने हात लांबवून पट्टा लावला. बोटांना थंड काहीतरी पुसटसं लागलं. दवाखान्याचे दिवे दिसेपर्यंत त्याने हात त्या पट्ट्यावरून काढला नाही.

मुलगा झाला. धडधाकट, मोठ्या आवाजाचा. दामदिनने त्याला हातात घेतलं आणि त्याच्या डोक्याचा वास घेतला. सोलोंगो हसली नाही. म्हणाली, “आबा, पोराला त्या गाडीत घालायचं नाही.”

“बरं,” दामदिन म्हणाला.

तिला आणि बाळाला तुमुरने दुसऱ्याच्या जीपने घरी नेलं. दामदिनने गाडी तिथल्याच बाजारात उभी केली. सीमेकडचा एक व्यापारी आला, त्याने चुंबक लावला, वास घेतला, सगळं बरोबर निघालं. का विकतोस, हे त्यानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर दामदिन खोटं बोलला नसता. किल्ली देताना त्याच्या बोटांनी आपोआप गाठ सोडली आणि वादी काढून घेतली. बाहीने त्याने स्टिअरिंग पुसलं. व्यापारी गाडी घेऊन गेला, आणि कित्येक आठवड्यांनी दामदिनला मोकळा श्वास आला. त्या पळपुट्या माणसासारखं आपण वागलो नाही, याचं त्याला बरं वाटलं. घरी येऊन त्याने वादी म्होरक्यांच्या रांगेत, तांबड्याच्या शेजारी टांगली.

थोडे दिवस शांत गेले. मग बाळ एका जागी बघून हसायला लागलं. जागा नेहमी तीच, पश्चिमेची. सोलोंगो कौतुकाने सांगायची की घोड्यांच्या म्होरक्या बघतो, आजोबावर जाणार. कुत्रा दाराशी येऊन उगाच लोळायचा.

एके दिवशी दुपारी सोलोंगो बाळाला गुंडाळायची दोरी घेऊन आली. बाळाला दुपट्यात गुंडाळून वरून ती बांधत.

“आबा, उंदीर झालेत का घरात? बघा ना, टोक कुणी चघळलंय.”

दामदिनने दोरी हातात घेतली. टोक अजून ओलं होतं. खुणा बारीक, गोल, मधोमध एक फट. त्याने मान वर करून रांगेकडे बघितलं. सगळ्या म्होरक्या स्थिर होत्या. लाल वादी हलत होती.

तेव्हा त्याला कळलं की गाडी विकणारा तो माणूस काहीही विसरला नव्हता.

त्याने वादी काढून मुठीत धरली, बाहेर येऊन घोड्यावर खोगीर टाकलं. खिंडीत देवाच्या नावाने रचलेली दगडांची रास होती, वाटसरू तिला तीन फेऱ्या मारून पुढे जात. वादी तिथे नेऊन बांधायची, गेरपासून लांब. तो घोड्यावर चढला आणि जरा थांबला.

“चल,” तो हळूच म्हणाला. “माझ्याबरोबर चल.”

घोड्याची पाठ मागून किंचित दबली. अंगरख्याला दोन्ही बाजूंनी काहीतरी घट्ट धरल्यासारखं झालं. दामदिनने डोळे मिटले. येतंय, त्याच्या मनात आलं. बाळापासून लांब येतंय. त्याने घोड्याला टाच दिली.

ऊन स्वच्छ होतं. माळावर बर्फाचा पातळ थर होता आणि त्यावर घोड्याच्या खुरांचा आवाज जड पडत होता. दोघांचं ओझं असलेल्या घोड्याचा आवाज. दामदिन तो आवाज ऐकत होता, एका लयीत, मागे न बघता. खिंड समोर आली. राशीवर बांधलेली निळी चिंधी दिसायला लागली.

आणि खुरांचा आवाज बदलला. घोडा एकदम हलका झाला, मान उडवून आपसूक दुडकायला लागला. अंगरखा सैल पडला.

दामदिनने मूठ उघडली. वादी हातातच होती.

त्याने घोडा वळवला. खाली, दूर, गेरच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. दार उघडं होतं. आणि दारापुढच्या बर्फात कुत्रा पाठीवर लोळत होता, चारी पाय वर करून.