निळ्या दारावरची चित्रं

शाल्मलीनं हत्तीच्या शेपटीखाली नख घातलं आणि जोरात ओढलं. स्टिकर टर्रकन फाटला. हत्तीची पाठ तिच्या हातात आली, सोंड गाडीच्या दारालाच राहिली. मधे एक करडा, चिकट थर उघडा पडला.

तिनं बादलीभर पाणी आणून तो थर धुतला. साबण लावला, पुन्हा धुतला. थर हलला नाही, उलट त्याला फडक्याचे धागे चिकटले. मग तिनं आईच्या कपाटातली नखांचा रंग काढायची बाटली आणली. कापसाचा बोळा दोनदाच फिरवला आणि थर खरंच विरघळला. पण त्याखालचा निळा रंगही धुरकट झाला. श्वास सोडल्यावर आरसा होतो, तसा. फरक एवढाच की हा धुरकटपणा पुसला जाईना.

पाणी सगळं धुऊन काढतं, मग हा चिकट थर का नाही? आणि जे थराला काढतं ते रंगालाही का खातं? शाल्मलीला काहीच कळेना. ती दाराशेजारी फरशीवर बसली आणि रडायला लागली.

ते स्टिकर तिच्या धाकट्या भावाचे होते. यशोधनचे, म्हणजे यशूचे. त्याला रक्ताचा आजार होता. सांगलीहून मिरजेच्या इस्पितळात त्याला सारखं न्यावं लागे. उपचार संपले की तिथली सिस्टर त्याला एक प्राण्याचा स्टिकर द्यायची आणि तो खाली येऊन गाडीच्या मागच्या दारावर स्वतः लावायचा. हत्ती, जिराफ, कासव, घुबड. गाडी चालकाशिवाय स्वतःच चालत असे, त्यामुळे वाटेत बाबा मागे त्याच्याजवळ बसत.

दिवाळीनंतर यशू गेला. तेव्हापासून आईनं त्या गाडीकडे पाहिलं नव्हतं. अंगणात यायचं झालं तर ती मागच्या दारानं यायची. शेवटी बाबांनी गाडी इस्पितळाच्या सेवेत द्यायचं ठरवलं. खेड्यापाड्यांतल्या आजारी मुलांना आणायला अशा गाड्या लागत. सोमवारी गाडी आपणहून कार्यशाळेत जाणार होती आणि तिथले यांत्रिक हात तिचं अंग घासून लख्ख करणार होते. स्टिकर जपून काढता येतील का, असं बाबांनी फोन करून विचारलं होतं. यंत्राला फक्त साफ करणं ठाऊक आहे, जपणं ठाऊक नाही, असं तिकडून उत्तर आलं.

म्हणून रविवारी सकाळी शाल्मली एकटीच कामाला लागली होती. आणि पहिलाच हत्ती फाटला होता.

तिचं रडणं ऐकून आजोबा बाहेर आले. आईचे वडील, डॉ. निवृत्ती आवटी. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर चिकटद्रव्यांवर (दोन वस्तूंना धरून ठेवणाऱ्या पदार्थांवर) काम केलं होतं. यशू गेल्यापासून ते इथंच होते, पण घरात असून नसल्यासारखे. त्या दिवशी त्यांनी फाटका हत्ती पाहिला, धुरकट डाग पाहिला, बाटली उचलून तिचं झाकण घट्ट लावलं आणि आत जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आले.

ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि म्हणाले की आधी हे चिकटलंय कसं ते समजून घेऊ, मग सोडवू.

स्टिकरमागचं चिकटद्रव्य धड घन नसतं, धड द्रवही नसतं. ते बहुवारिक असतं (लहान लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेला लांबलचक रेणू). उकडलेल्या शेवया एकमेकींत गुंतून बसाव्यात तशा या साखळ्या गुंतलेल्या असतात. जोरात ओढलं तर त्यांना सरकायला वेळच मिळत नाही, त्या ताठ राहतात आणि मग बिचारा कागद फाटतो. हळू ओढलं तर त्या एकमेकींवरून घसरतात आणि सुटतात. ऊब दिली तर आणखी लवकर सुटतात.

"गरम नाही हं, फक्त कोमट," आजोबा म्हणाले. "दाराला हात टेकवता आला पाहिजे. फार तापवलं तर रंग दुखावेल."

त्यांनी जिराफाला ऊब दिली. शाल्मलीनं एक कोपरा उचलला आणि स्टिकर जवळजवळ दाराला समांतर, उलटा दुमडून हळूहळू ओढला. इतका हळू की आधी काही होतंय असं वाटेचना. मग चिकट धागे ताणले गेले, तुटले, आणि अख्खा जिराफ तिच्या तळहातावर आला. आजोबांनी तो गुळगुळीत, मेणाच्या कागदावर ठेवला. कासव आलं. घुबडही आलं. हत्तीची सोंडसुद्धा आली.

दारावर आता फक्त चिकट थर उरला होता, जागोजागी, धूळ बसून काळा झालेला.

आजोबांनी विचारलं, फणस कापताना मामी हाताला काय लावते? तेल, शाल्मली म्हणाली. नाहीतर चीक निघत नाही.

"पाण्यानं का निघत नाही?"

मग आजोबांनी सांगितलं. पदार्थ आपल्यासारख्याच पदार्थात विरघळतो. मीठ आणि साखर यांचं पाण्याशी जमतं. चीक, डांबर, स्टिकरचा गोंद यांचं पाण्याशी जमत नाही, तेलाशी जमतं. तेलाचे रेणू गोंदाच्या साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांना एकमेकींपासून दूर सारतात आणि त्यांची पकड ढिली होते.

पण रंगही अशाच साखळ्यांचा असतो, असं त्यांनी सांगितल्यावर शाल्मली घाबरली. मग तेल त्यालाही खाणार. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. गाडीच्या पत्र्यावर आधी अस्तर असतं, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक संरक्षक थर, केसाहूनही पातळ. या वरच्या थरातल्या साखळ्या सुट्या नसतात. त्यांना ठिकठिकाणी एकमेकींशी गाठी मारलेल्या असतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. खोबरेल तेलाला ते जाळं मऊ करता येत नाही. नखांचा रंग काढणारं द्रव्य मात्र जाळ्यात घुसतं आणि त्याला फुगवतं. थिनरचंही तसंच. पेट्रोल तर रंगालाही वाईट आणि पेट घेतं म्हणून आपल्यालाही.

तरीही त्यांनी तेल सरळ दारावर लावू दिलं नाही. आधी दार उघडून आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या कडेवर एक थेंब चोळून पाहिला. रंग तसाच राहिला. तेव्हा त्यांनी मऊ फडकं खोबरेल तेलात भिजवून त्या काळ्या डागांवर थापून ठेवलं आणि आता थांबायचं, असं सांगितलं.

थांबताना शाल्मली फडक्यावरून ओघळणारं तेल बोटानं टिपत राहिली. मग तिनं विचारलं, "आजोबा, यशूच्या हातावरच्या पट्टीलाही हे चाललं असतं?"

यशू सुईला घाबरत नव्हता. सुई हलू नये म्हणून हातावर जी चिकटपट्टी लावत, ती काढताना तो किंचाळायचा. औषधांनी त्याची त्वचा फार नाजूक झाली होती. बाबा त्याला धरून ठेवत आणि शाल्मली बाहेर जाऊन कानांवर हात ठेवी.

"चाललं असतं," आजोबा म्हणाले. "सिस्टर कधी कधी तेलाचा बोळा वापरायची. पण घाईच्या वेळी नुसती पट्टी ओढायची."

मग त्यांनी खिशातून एक छोटी पट्टी काढली आणि शाल्मलीच्या मनगटावर लावली. तिनं ओढून पाहिलं. घट्ट होती. त्यांनी पेनाएवढ्या दिव्यातून जांभळा प्रकाश पट्टीवर टाकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पट्टी आपोआप सुटली आणि वाळलेल्या पानासारखी खाली पडली. तिला काहीही जाणवलं नव्हतं. या गोंदाच्या साखळ्यांमधले काही बंध (रेणूंना जोडणारे दुवे) त्या प्रकाशानं तुटतात, आजोबा सांगत होते. साखळ्या तोकड्या होतात आणि तोकड्या साखळ्यांना धरून ठेवता येत नाही.

जन्मभर त्यांनी विमानांचे भाग कधीच सुटू नयेत असे गोंद बनवले होते. यशूचं रडणं ऐकल्यावर त्यांनी सुटणारा गोंद बनवायला घेतला होता.

"मग लवकर का नाही बनवलात?" शाल्मली म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

आजोबांनी दिवा बंद केला. "फार प्रयत्न केला, बाळा. नाही जमलं वेळेत."

शाल्मली उठून फाटकापर्यंत गेली आणि पाठ करून उभी राहिली. आजोबांनी तिला हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं ती परत आली, तर ते तसेच बसून होते आणि खाली पडलेली पट्टी त्यांच्या हातात चुरगळून गेली होती. ती त्यांना टेकून बसली.

मग दोघांनी तेलाचं फडकं काढलं. चिकट थर मऊ झाला होता. आजोबांनी ब्लेड घ्यायचं नाही असं बजावून तिला एक जुनं प्लास्टिकचं कार्ड दिलं. तिनं ते आडवं धरून अलगद फिरवलं, तसा थर गोळा होऊन पुढे सरकू लागला. उरलेलं बोटानं वळून निघालं. तेलावर धूळ बसू नये म्हणून तिनं दार साबणाच्या पाण्यानं धुतलं, पुसलं आणि मेण चोळलं. धुरकट डाग फिका झाला, पण गेला नाही. तो राहणार, असं आजोबांनी खरं तेच सांगितलं.

दार वाळलं तेव्हा शाल्मलीला दिसलं, की दारावर जिराफ होता. कासव होतं. घुबड होतं. चित्रं निघाली होती, पण त्यांच्या जागी रंग गडद निळा होता आणि भोवतीचा रंग फिका. उन्हातले अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारा सूर्यप्रकाशाचा भाग) हळूहळू रंग उडवतात. स्टिकरखाली ते पोचलेच नव्हते. तेवढी जागा यशूनं गाडीला हात लावला त्या दिवशी होती तशीच होती.

त्यांच्यामागे आई येऊन उभी राहिली होती. ती कधी आली ते कुणालाच कळलं नाही. ती वाकली आणि तिनं जिराफाच्या मानेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग ती तिथेच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. शाल्मलीनं तिला धरून ठेवलं. आजोबा आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

सोमवारी गाडी निघाली तेव्हा आई फाटकाशी उभी होती. कार्यशाळेला फोन करून तिनंच सांगितलं होतं, की मागचं दार साफ झालंय, त्याला घासू नका.

पुढच्या उन्हाळ्यात मिरजेच्या इस्पितळात आजोबांच्या पट्टीची चाचणी सुरू झाली. शाल्मली त्यांच्याबरोबर गेली. पलंगावर चार-पाच वर्षांची एक मुलगी होती, पट्टी लावलेला हात पोटाशी आवळून बसलेली. सिस्टर जवळ येताच ती मागे सरकली. शाल्मली तिच्याशेजारी बसली, तिनं आजोबांचा दिवा लावला आणि मुलीला मनगटाकडे बघायला सांगितलं. जांभळा ठिपका मनगटावर पडला. पट्टी सुटून चादरीवर पडली.

मुलगी अजून वाट बघत होती. "कधी काढणार?" तिनं विचारलं.

"काढली," शाल्मली म्हणाली.

मुलीनं हात उलटापालटा करून पाहिला. मग बोटं सरळ केली आणि पाण्याचा पेला मागितला. शाल्मलीनं तिला पाणी दिलं, पेला संपेपर्यंत थांबली आणि बाहेर आली. आजोबा व्हरांड्यात उभे होते.

"रडली का?" त्यांनी विचारलं.

शाल्मलीनं मान हलवली. नाही. मग तिनं त्यांचा हात धरला आणि दोघं तिथेच उभे राहिले. आतून सिस्टरचा आवाज आला. पुढच्या पलंगाकडे दिवा हवा होता.