सरांची शेवटची भट्टी

रविवारी दुपारी जेवणं आटोपून भाऊजी नुकतेच आरामखुर्चीत टेकले होते, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात एक बाई उभ्या होत्या. बाह्यांना कोपरापर्यंत विटकरी धूळ आणि डोळे रडून सुजलेले.

"वहिनी आहेत का?"

सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नवऱ्यानं सुरू केलेली खाजगी तपासाची कचेरी त्याच्या माघारी त्या अकरा वर्षं चालवत होत्या, आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भाऊजी, वही-पेन घेऊन सोबतीला असत. भाऊजींचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. कागदावरची चूक त्यांना दहा हातांवरून दिसे. माणसांमधली नाकासमोर असली तरी हुके.

बाई वस्तीतल्या कलाकेंद्राच्या व्यवस्थापिका होत्या. केंद्रात कुणीही यावं, चित्र काढावं, विणावं, चाकावर माती फिरवावी. मातीकाम शिकवणारे सर सव्वीस दिवसांपूर्वी झोपेतच गेले होते. जाताना त्यांची आठ भांडी मांडणीवर वाळत राहिली होती, कच्चीच.

"ती आम्ही भाजायची ठरवली," व्यवस्थापिका म्हणाल्या. "आज वार्षिक मेळावा होता. सगळ्यांसमोर भट्टी उघडायची आणि भांडी मधल्या टेबलावर मांडायची. सकाळी झाकण उचललं, तर आत नुसत्या खापऱ्या! पाच भांड्यांचा चुरा, उरलेल्या तीन भांड्यांना आरपार तडे. सरांच्या हातचं शेवटचं काम हो!"

"भट्टी लावली कुणी?"

"त्यांच्या मदतनिसानं. भट्टीवाला म्हणतो आम्ही त्याला. पंधरा वर्षं सरांच्या हाताखाली होता. आता समितीचं म्हणणं, ह्यानं घाईनं तापवली, नाहीतर सरांची जागा मिळेना म्हणून मुद्दाम केलं. उद्या त्याला काढून टाकणार आहेत. आणि तो तोंडातून शब्द काढायला तयार नाही. 'माझी चूक' एवढंच म्हणतो." त्यांनी डोळे पुसले. "मला ते पटत नाही. तुम्ही चला."

वहिनींनी चष्मा लावला. भाऊजींनी आरामखुर्चीकडे एकवार पाहिलं आणि वही उचलली.

मेळावा कधीच मोडला होता. अंगणात रंगीत कागदी माळा तशाच लोंबत होत्या आणि कुणीतरी अर्धवट सोडलेली चित्रं लाकडी घोड्यांवर टेकून वाळत होती. मातीकामाच्या खोलीत पाच चाकं होती. आतल्या बाजूला एक छोटी खोली, तिथं विजेची भट्टी: पिंपाएवढी, वरून झाकण असलेली.

भट्टीवाला चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस होता. तो स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

"कशी लावलीत, सांगा," वहिनी म्हणाल्या.

"गुरुवारी चारला. आठ भांडी कडेकडेनं ठेवली, मध्ये जागा मोकळी सोडली, हवा खेळायला. झाकण लावलं. पाचला खोलीला कुलूप लावून व्यवस्थापिकाबाईंना किल्ली दिली. शुक्रवारी सकाळी सातला किल्ली आणून बटण दाबलं."

"झाकण पुन्हा उघडलं नाहीत?"

"नाही. उघडायचं म्हणजे कुस्तीच. सर गेल्यावर आठवड्यानं बिजागरी तुटली त्याची. दोन्ही हातांनी उचलायचं आणि भिंतीला टेकवायचं. हात सुटला तर धाडकन पडतं."

"भांडी वाळली होती?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "तीन आठवड्यांवर वाळत होती बाई. आणि सरांचं काम म्हणजे कागदासारखं पातळ."

"मग फुटली कशी?"

मान पुन्हा खाली गेली. "माझी चूक."

खापऱ्या त्यानंच गोळा करून खोक्यात भरल्या होत्या. वहिनींनी त्या जमिनीवर पसरल्या. भांडं कितीही फुटलं तरी बूड बहुतेक शाबूत राहतं. फुटक्यांची पाच बुडं निघाली, तडकलेली तीन भांडी बाजूला होती.

"आठ," भाऊजींनी लिहिलं. "हिशेब बरोबर आहे, वहिनी."

वहिनींनी एक खापरी त्यांच्या तळहातावर ठेवली, मग दुसरी. पहिली पापडासारखी होती, दुसरी करंगळीएवढी जाड.

"काही जाड आहेत," भाऊजी म्हणाले.

"लिहून ठेवा."

कोपऱ्यात सरांची बादली होती, ओल्या फडक्यानं झाकलेली. खाली उरलेली माती होती, लोण्यासारखी मऊ. वहिनींनी तिच्यात बोट रुतवलं.

"ह्या बादलीला कोण हात लावतं?"

"कुणी नाही," भट्टीवाला म्हणाला. "सरांची आहे ती."

बाहेर अंगणात एक निवृत्त नर्सबाई आपली सामानाची पिशवी भरत होत्या. सरांची भांडी भाजायची म्हणून गुरुवारी त्यांची तीन भांडी भट्टीतून बाहेर काढली होती, आणि त्यावरून त्यांनी बराच आवाज चढवला होता, असं व्यवस्थापिकांनी कानावर घातलंच होतं.

"हो, ओरडले," नर्सबाई फणकारल्या. "तीन महिने खपले होते मी! पण म्हणून सरांची फोडीन होय? माझी ती बघा, मांडणीवर धूळ खात बसलीत तिन्ही."

बसली होती खरी. तिन्हींवर धुळीचा सारखा थर होता.

"झाकण उघडलं तेव्हा तुम्ही आत होतात?"

"मी आणि तो, दोघंच. जागा कुठंय आत? बाकी सगळे अंगणात. मी फोटो काढायला गेले होते." त्यांनी फोन पुढे केला. "हा एकच निघाला. मग फोन खिशात टाकला."

फोटोत भट्टीचा तळ दिसत होता. कडेच्या खापऱ्या मोठ्या होत्या, मधला ढीग बारीक, जवळजवळ भुसा. ढिगात जाड, गोल असं काहीतरी तिरकं पडलं होतं.

"भट्टीतल्या फळीखालचा टेकू असेल," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला. मग व्यवस्थापिकांकडे वळल्या. "मातीकामाच्या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी. दुसरी सरांची होती. त्यांचा चष्मा, डबा, अंगरखा, सगळं पिशवीत घालून घरी पोचवलं, त्यातच गेली ती."

"घरी कोण?"

"एकटी मुलगी. चष्म्याच्या दुकानात असते. ती बघा, तिकडे बसलीय. सकाळपासून जागची हललेली नाही."

सरांची मुलगी पस्तिशीची असेल. अंगणाच्या टोकाला कठड्यावर बसून ती हातातला रुमाल उलगडत होती आणि पुन्हा घडी घालत होती.

"तुझे बाबा शिकवायचे, तू कधी शिकलीस का ग?" वहिनींनी विचारलं.

"नाही. शाळेत असताना एकदा आले असेन त्या खोलीत. नंतर कधीच नाही."

"आज सकाळी?"

"अंगणातच होते. आत नाही गेले." तिनं रुमाल मुठीत धरला. "भट्टीवाले काका मुद्दाम करणार नाहीत हो. चुकून आदळलं असेल. ते झाकण आहेच तसं, धरून ठेवलं नाही तर पडतंच."

भाऊजींनी तेही लिहून घेतलं. परत येताना ते हळूच म्हणाले, "वहिनी, मला वाटतं नर्सबाईच. आपलं चौथं भांडं चोरून भट्टीत ठेवलं असणार. रागावल्या किती!"

"अर्धं बरोबर बोललात भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. "नेहमी आपण शोधतो ते सापडलं की मला बरं वाटतं. आज नको वाटतंय."

पाच वाजता मातीकामाच्या खोलीत चौघांना बसवलं: व्यवस्थापिका, भट्टीवाला, सरांची मुलगी आणि भाऊजी. वहिनींनी दार लोटून घेतलं.

"सरांची भांडी पातळ आणि पुरती वाळलेली. ती आपणहून फुटणारी नव्हती. ओलं, जाड भांडं भट्टीत गेलं तरच आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, आणि शेजारच्यांना घेऊन जातं. खोक्यात करंगळीएवढ्या जाड खापऱ्या आहेत. त्या सरांच्या नव्हेत. भट्टीत नववं भांडं होतं."

"पण बुडं आठच होती," भाऊजी न राहवून म्हणाले.

"तेच तर. फोटोत चुरा सगळ्यात बारीक आहे तो मध्ये, म्हणजे फुटलं ते तिथंच. आणि ती जागा ह्यांनी मोकळी सोडली होती. तुम्ही ज्याला टेकू म्हणालात, ते नवव्याचं बूड. झाकण उघडलं तेव्हा ते होतं, खोक्यात भरताना नाहीसं झालं. भरलं कुणी?"

सगळ्यांची नजर भट्टीवाल्याकडे गेली.

"त्या बुडानं ह्यांच्यावरचा आळ एका क्षणात पुसला गेला असता. तरी ह्यांनी ते लपवलं. स्वतःला वाचवणारी वस्तू माणूस लपवतो, ती दुसऱ्या कुणाला तरी वाचवायला."

वहिनींनी चष्मा सारखा केला.

"गुरुवारी पाचनंतर खोलीला कुलूप होतं. व्यवस्थापिकांनी स्वतःच हे करून मला बोलावून आणलं नसतं. राहिली सरांची किल्ली. सर गेल्यापासून त्यांच्या बादलीला कुणी हात लावला नाही म्हणतात, पण सव्वीस दिवसांनी फडकं ओलं कसं? कुणीतरी येत होतं, ओलं करत होतं, त्यातली माती घेत होतं. आणि ते झाकण. बिजागरी तुटली सर गेल्यावर. शाळेत असताना शेवटचं आत आलेल्या माणसाला, ते हातातून सुटलं की पडतं, हे कसं कळलं?"

मुलीच्या हातातला रुमाल खाली पडला.

"पुढचं मी सांगते," ती म्हणाली.

व्यवस्थापिकांनी पाणी दिलं, ते तिनं नुसतंच हातात धरलं.

"बाबा दर रविवारी विचारायचे, येतेस का आज? मी म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की. दुकान, कपडे, झोप, काही ना काही असायचंच. पिशवीत किल्ली सापडली तेव्हा वाटलं, निदान बघून तरी यावं. बादलीत त्यांच्या बोटांचे ठसे होते मातीवर. मग मी रोज दुपारी केंद्र बंद असताना यायला लागले. चाक जमेना, म्हणून हातानंच एक वाडगं केलं. वेडंवाकडं. मंगळवारी पुरं झालं. गुरुवारी संध्याकाळी भट्टीत डोकावले, तर त्यांच्या आठ भांड्यांच्या बरोबर मध्ये जागा होती. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलीय. बाबांच्या भांड्यांबरोबर माझंही एक..."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सकाळी खापऱ्या बाहेर आणल्या तेव्हासुद्धा कळलं नाही. दुपारी कुणीतरी अंगणात म्हणालं, ओलं भांडं गेलं की असं होतं. तेव्हापासून तोंड उघडायचा प्रयत्न करतेय. काका, तुमच्याकडे बघवत नव्हतं मला."

"तुम्हाला ते तिचं आहे हे कसं कळलं?" वहिनींनी भट्टीवाल्याला विचारलं. "आणि ते फेकलं नसेल तुम्ही. दाखवा."

त्यानं मांडणीमागून फडक्यात गुंडाळलेलं बूड काढलं. मागे काडीनं कोरलं होतं: चिमणी.

"सर हिला घरात ह्या नावानं हाक मारायचे," तो म्हणाला. "सकाळी उलटं करून बघितलं आणि खिशात टाकलं. बापाचं दुःख आहे, त्यावर आणखी हे कशाला? माझं काय, दुसरीकडे कुठं तरी भट्टी लावीन."

"आणि गुरूची भांडी फोडणारा म्हणून लोक जन्मभर बोट दाखवतील," वहिनी म्हणाल्या.

"दाखवू देत."

मुलीनं ते बूड घेतलं नाही. "म्हणजे बाबांचं शेवटचं काम मी संपवलं. मला ठाऊकच नव्हतं, की आतून ओलं असतं म्हणून."

"वरून वाळलेलं दिसतं, ताई. फसतंच माणूस."

"कुणीतरी सांगायला हवं होतं."

"सांगणारे गेले ना," भट्टीवाला म्हणाला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं त्याचं रडू फुटलं.

सोमवारी समितीसमोर मुलगी स्वतः उभी राहिली. एका दमात सगळं सांगितलं, कुणाचीही माफी मागितली नाही, फक्त भट्टीवाल्याची मागितली. समितीनं त्याला कामावर ठेवलं. तडकलेली तीन भांडी आतल्या कपाटात गेली. खापऱ्या सांधायचा दोघाचौघांनी प्रयत्न केला, पण चुराच इतका होता की सोडून दिलं.

पंधरवड्यानं वहिनींचा लेखी अहवाल पोचवायला भाऊजी केंद्रात गेले. वर्ग चालू होता. दाराजवळच्या चाकावर सरांची मुलगी बसली होती. मातीचा गोळा मध्यावर येईना. दोनदा कलंडला, तिसऱ्यांदा हातातून निसटून ताटलीवर आपटला. तिचे खांदे हलायला लागले. भाऊजींना वाटलं, पुढे व्हावं, काहीतरी बोलावं. पण ते अहवाल छातीशी धरून दारातच थांबले.

भट्टीवाला पलीकडे माती मळत होता. त्यानं वर न बघताच म्हटलं, "ताई, आधी चाक थांबवा. रडताना माती धरता येत नाही."

तिनं पाय काढला. चाक थांबलं. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मग तिनं पालथ्या हातानं तोंड पुसलं, माती गालभर फासली गेली, आणि तिनं पुन्हा चाकावर पाय ठेवला.